पाचशे नव्याण्णव जिनसांची यादी

१९९४ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील सहा मोठ्या सिगारेट कंपन्यांनी एक यादी प्रसिद्ध केली. तंबाखूखेरीज आपण सिगारेटीत काय काय घालतो, याची ती यादी. तीत एकूण ५९९ नावे होती. आम्ही ती प्रथम वाचली तेव्हा हा कारखान्याचा दस्तऐवज आहे की दिवाळीआधी वाण्याकडे पाठवायची चिठ्ठी, असा क्षणभर संभ्रम पडला. वेलदोडा, लवंग, जायफळ, दालचिनी, आले, मेथी, बडीशेप, धने, चिंच, मध, लोणी, कोको, कॉफी. पुढे चंदनाचे तेल, गुलाबाचा अर्क, जाईचा अर्क. आणि मधूनच, मसाल्याच्या डब्यात चुकून पडल्यासारखे, अमोनिया आणि युरिया.

या यादीचा पूर्वेतिहास मासलेवाईक आहे. १९८४ च्या एका कायद्याने कंपन्यांवर अशी यादी दरवर्षी सरकारच्या आरोग्य खात्याला देण्याचे बंधन घातले होते. मात्र ती गुप्त ठेवण्याचे बंधन त्याच कायद्याने खात्यावर घातले. म्हणजे जे सरकारला ठाऊक होते ते सरकारलाच कोणाला सांगता येत नव्हते. दहा वर्षांनी वृत्तमाध्यमांतून तीतील काही नावे फुटू लागली, तेव्हा कंपन्यांनी आपण होऊन संपूर्ण यादी लोकांपुढे ठेवली. पण कशी ठेवली? सर्व कंपन्यांची मिळून एक, वर्णानुक्रमे लावलेली. कोणत्या छापात कोणता पदार्थ, किती प्रमाणात आणि कशासाठी, यांपैकी काहीही तीत नव्हते. सोबत एवढेच आश्वासन, की हे पदार्थ बहुतांशी अन्नात वापरण्यास मान्यता असलेले आहेत.

साहित्याच्या अभ्यासकाला यादी हा प्रकार नवा नाही. याद्या महाकाव्यांत असतात, बखरींत असतात. परंतु यादी जे सांगते त्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, जे लपवते तेही वाचावे लागते. वर्णानुक्रम हा क्रमांतला सर्वांत निरागस दिसणारा क्रम, कारण त्यात कार्यकारणाला जागाच नसते. या लेखात आम्हांला त्या ५९९ नावांची विषारीपणाच्या क्रमाने फेरमांडणी करायची नाही. त्यांतील तीनचार जिनसा सिगारेटीत कशा आल्या आणि तेथे कोणते काम करू लागल्या, एवढेच पाहायचे आहे. आमच्या समजुतीप्रमाणे या इतिहासाचा गाभा असा, की सिगारेटीतल्या पूरक द्रव्यांचा मोठा अपराध ती स्वतः विषारी आहेत हा नव्हे (काही आहेतही). ती विषाला सुसह्य करतात, हा आहे.

तंबाखूचा धूर मुळात माणसाला सोसत नाही. ज्याने प्रथमच विडी ओढली आहे त्याला हे सांगायला नको. चिरूट किंवा चिलमीच्या तंबाखूचा धूर क्षारधर्मी असतो. तो घशाला लागतो, ठसका आणतो, म्हणून ओढणारा तो तोंडातच घोळवतो आणि सोडून देतो. त्यातले निकोटिन तोंडाच्या अस्तरातून हळूहळू शोषले जाते. फुप्फुसाच्या तळापर्यंत धूर नेता यावा, तर आधी तो सौम्य करावा लागतो. हे घडले ते, निदान आख्यायिका तशी आहे, एका डुलकीमुळे. १८३९ साली नॉर्थ कॅरोलायनातील कॅसवेल परगण्यात स्टीफन स्लेड नावाचा एक गुलाम तरुण तंबाखू सुकवण्याच्या खोपटात रात्री राखणीला होता. त्याला झोप लागली, आग विझत आली. घाबरून त्याने लोहाराच्या भट्टीजवळचे लोणारी कोळसे आणून टाकले. त्या कोरड्या, प्रखर उष्णतेने पाने लख्ख पिवळी झाली. पुढे धूर पानांना न लागू देता नळ्यांतून उष्णता देऊन पाने सुकवण्याची रीत रूढ झाली. अशा पानांत साखर टिकून राहते, त्यांचा धूर किंचित आम्लधर्मी होतो आणि तो छातीत ओढून घेता येतो. स्लेड गुलामच होता. त्या शोधाचा पैसा मालकाकडे गेला, हेही येथे नोंदवून ठेवू.

तेव्हा पूरक द्रव्यांच्या कथेतले पहिले द्रव्य साखर आहे, आणि ती बाहेरून येण्यापूर्वी पानातच होती. १९१३ साली रेनॉल्ड्स कंपनीने ‘कॅमल’ बाजारात आणली. तीत पिवळ्या पानांबरोबर बर्ली जातीचे पान होते. हे पान हवेत सुकवतात, त्यामुळे त्यात साखर जवळजवळ उरत नाही. पण त्याची घडण सच्छिद्र असल्यामुळे कोणताही पाक ते स्पंजासारखे पिऊन घेते. साखर, ज्येष्ठमध, कोको यांचा पाक पाजलेले हे पान पुढे ‘अमेरिकन मिश्रण’ म्हणून जगभर गेले. आपल्याकडच्या वाचकाला यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. हुक्क्याच्या तंबाखूत गूळ घालण्याची रीत आपल्याकडे फार जुनी. गुडाखू हा शब्दच तिची साक्ष देतो. अकबराचा वकील असद बेग विजापूरहून तंबाखू घेऊन दरबारी परतला आणि बादशहापुढे रत्नजडित हुक्का ठेवता झाला, ती गोष्ट १६०४ च्या सुमाराची. हकिमांनी तेव्हाच विरोध केला होता, असे स्वतः असद बेगनेच लिहून ठेवले आहे. असो.

मात्र गोडवा हे साखरेचे अर्धेच काम. साखर जळते तेव्हा तिच्यातून फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड अशी द्रव्ये तयार होतात. अन्नात जो पदार्थ निर्धोक तो जाळून फुप्फुसात नेला तरी निर्धोकच राहील, हा कंपन्यांच्या आश्वासनातला गर्भित दावा येथेच कोसळतो. मध चाटणे वेगळे आणि मधाचा धूर घेणे वेगळे. जठर आणि फुप्फुस ही दोन निरनिराळी दारे आहेत. ओलावा टिकवण्यासाठी घालतात ते ग्लिसरीनही तापले की त्यातून ॲक्रोलिनसारखे दाहक द्रव्य निघू शकते. अर्थात धुरातील ॲसिटाल्डिहाइडचा मोठा वाटा पानाच्या स्वतःच्या तंतूंच्या ज्वलनातून येतो, सगळा दोष वरच्या पाकाचा नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

या ॲसिटाल्डिहाइडची एक उपकथा आहे. १९८० च्या सुमारास फिलिप मॉरिस कंपनीने व्हिक्टर डीनोबल या शास्त्रज्ञाला नेमले. त्याचा सहकारी पॉल मेले. दोघांनी उंदरांना एक कळ दाबून स्वतःच्या शिरेत निकोटिन घेण्याची सोय करून दिली. उंदीर कळ दाबत राहिले. पुढे असे दिसले, की निकोटिनबरोबर ॲसिटाल्डिहाइड दिले तर ते एकट्या निकोटिनपेक्षा कितीतरी अधिक वेळा कळ दाबतात. एका नियतकालिकाने स्वीकारलेला त्यांचा निबंध कंपनीने मागे घ्यायला लावला. १९८४ साली प्रयोगशाळाच बंद केली. या दोघांनी हे सारे जाहीरपणे सांगितले ते दहा वर्षांनंतर, अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे. त्याच उपसमितीपुढे काही दिवस आधी, १४ एप्रिल १९९४ रोजी, सात कंपन्यांच्या प्रमुखांनी शपथेवर सांगितले होते, की निकोटिनचे व्यसन लागते असे आम्हांला वाटत नाही. उंदरांवरून माणसांबद्दल किती बोलावे याला मर्यादा आहेत, आणि ओढणाऱ्या माणसाच्या रक्तात ॲसिटाल्डिहाइड तेवढे पोचते का, हा वाद आजही मिटलेला नाही. तरी ज्याला उत्तराची भीती नाही तो प्रश्न विचारणारी प्रयोगशाळा बंद करत नाही.

आता मेन्थॉल. ओहायो राज्यातील मिंगो जंक्शन या गावच्या लॉइड ह्यूज नावाच्या तरुणाला, सांगतात त्याप्रमाणे, दम्याचा त्रास होता आणि त्यासाठी तो मेन्थॉलचे स्फटिक हुंगत असे. एकदा त्याने सिगारेटी त्याच डबीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्या ओढताना घशाला गारवा लागला. १९२५ साली त्याला पेटंट मिळाले. त्याच्या ‘स्पड’ सिगारेटीमागोमाग १९३३ साली ‘कूल’ आली. सर्दीने घसा बसला असेल तर हिच्याकडे वळा, अशा आशयाच्या जाहिराती तिच्या नावाने होत असत.

या कथेशेजारी जावा बेटावरील कुदुस गावची एक कथा ठेवून पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाजी जमहारी नावाच्या गृहस्थाला छातीचा विकार होता. लवंगेचे तेल छातीला चोळून त्याला बरे वाटे. मग लवंग थेट छातीतच न्यावी या विचाराने त्याने लवंगेचे तुकडे तंबाखूत मिसळून विड्या वळल्या. जळताना लवंग तडतडते, त्या आवाजावरून या विड्यांना ‘क्रेतेक’ हे नाव पडले आणि इंडोनेशियात त्यांचा प्रचंड धंदा उभा राहिला. दोन माणसे, मध्ये अर्धे जग. एकाला दमा, दुसऱ्याला छातीचे दुखणे. दोघांनीही श्वास मोकळा व्हावा म्हणून जे औषध घेतले तेच धुराचे वाहन झाले. या आख्यायिका शब्दशः खऱ्या असोत वा नसोत, त्या सांगितल्या जातात याला अर्थ आहे. धंद्याला आपल्या जन्मकथेत वैद्य हवा असतो.

औषध मानण्यात तथ्य अगदीच नव्हते असेही नाही. लवंगेतील युजेनॉल बधिरता आणते. दात दुखताना आजी कापसाचा बोळा लावीत असे तो त्याचसाठी. मेन्थॉलचे कार्य तर आता रेणूच्या पातळीवर उलगडले आहे. आपल्या चेतातंतूंवर थंडी ओळखणारा एक ग्राहक आहे. मेन्थॉल त्यालाच चेतवते, म्हणून काहीही थंड नसताना गार वाटते. २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे हा ग्राहक ओळखला. पुढे २०२१ चे नोबेल या दोघांना मिळाले. या ज्ञानाच्या उजेडात ह्यूजची डबी पुन्हा उघडली तर काय दिसते? मेन्थॉल घशाचा दाह कमी करत नाही, दाहाची बातमी कमी करते. ठसका हा शरीराचा नकार असतो आणि तो सर्वांत तीव्र असतो नवख्याच्या शरीरात. तो नकार थोपवला, की पहिली सिगारेट पुरी होते, दुसरी ओढवते. उरलेले काम निकोटिन स्वतः करते.

या गारव्याला पुढे वर्ण आला. विसाव्या शतकाच्या मध्यापासून मेन्थॉल सिगारेटींची जाहिरात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत, त्यांच्या मासिकांतून, त्यांच्या संगीताच्या जलशांतून हेतुपुरस्सर झाली. आज तेथील कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांत दहापैकी आठ किंवा अधिक जण मेन्थॉलच ओढतात. २००९ साली अमेरिकेने सिगारेटीतले वेगळी चव आणणारे सगळे पदार्थ बंद केले: चॉकलेट, व्हॅनिला, फळे आणि लवंगसुद्धा. वगळले ते फक्त मेन्थॉल. ज्या चवीचे गिऱ्हाईक सर्वांत मोठे तिला अभय मिळाले. लवंग परकी, मेन्थॉल घरचे. इंडोनेशियाने जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली आणि २०१२ साली अपिलातही ती जिंकली. पण त्यामुळे मेन्थॉल गेले नाही. २०२२ साली त्यावर बंदीचा प्रस्ताव तिथल्या औषध प्रशासनाने मांडला, तो जानेवारी २०२५ मध्ये मागे घेण्यात आला. कॅनडाने २०१७ साली आणि युरोपीय संघाने मे २०२० पासून मात्र मेन्थॉल सिगारेटी बंद केल्या आहेत. भारतात त्या उघड मिळतात. बोटाने दाबली की फुटणारी सुगंधी गोळी गाळणीत बसवलेल्या सिगारेटीही मिळतात, आणि आमच्या महाविद्यालयांच्या फाटकांसमोरच्या टपऱ्यांवर त्या कोण घेते हे अध्यापकांना वेगळे सांगायला नको.

राहिला अमोनिया, म्हणजे या यादीतला सर्वांत गाजलेला आरोपी. निकोटिन दोन रूपांत असते. आम्लाशी बांधले गेले की ते स्थिर असते आणि अस्तरातून सहज पार होत नाही. क्षार मिळाला की ते सुटे होते, उडते आणि चटकन शोषले जाते. फिलिप मॉरिसने १९६५ च्या सुमारास आपल्या पत्रा-तंबाखूत (भुगा, देठ यांचा लगदा करून कागदासारखी जी पाने बनवतात त्यांत) अमोनियायुक्त क्षार वापरायला सुरुवात केली. पुढच्या दशकात ‘मार्लबोरो’ची विक्री इतकी चढली, की प्रतिस्पर्ध्यांच्या प्रयोगशाळा तिची चिरफाड करून तिचे गुपित शोधू लागल्या. त्यांच्या अंतर्गत टिपणांत हे गुपित म्हणजे अमोनिया, असा निष्कर्ष नोंदलेला आहे; कोणी त्याला त्या सिगारेटीचा आत्मा म्हटले. या टिपणांच्या आधारे २००८ साली रॉबर्ट प्रॉक्टर आणि त्यांच्या सहलेखकाने हा सारा इतिहास लिहिला.

येथे वाचकाने थोडे सावध राहावे, कारण ही कथा फारच सुबक आहे. कंपनीचे म्हणणे असे, की अमोनिया चवीसाठी आणि लगदा बांधला जाण्यासाठी वापरतो, आणि ते सर्वस्वी खोटे नाही: साखर आणि अमोनिया तापले की भाजल्यासारखा खमंग वास येतो. फुप्फुसाचा पृष्ठभाग एवढा विस्तीर्ण आहे, आणि तेथील द्रव आम्ल-क्षाराचा तोल इतक्या लवकर सावरतो, की बांधलेले असो वा सुटे, निकोटिन जवळपास सगळेच शोषले जाते. अमोनियाने रक्तातले निकोटिन वाढते असे सिद्ध झालेले नाही, असे मत युरोपीय संघाच्या शास्त्रीय समितीने २०१० साली दिले. तीत असेही म्हटले होते, की एकट्या पूरक द्रव्याचे व्यसन लागते असा पुरावा नाही. मग अमोनिया निर्दोष? कंपन्यांच्या कागदांतून हेतू दिसतो. शरीरातून परिणाम दिसायला हवा. इतिहासकार पहिल्यावरून निर्णय देतो, शरीरशास्त्रज्ञ दुसऱ्यावरून, आणि या एका बाबतीत दोघांचे निर्णय जुळत नाहीत. आम्हांला दोन्ही खरे वाटतात. गोळी चुकली म्हणून नेम धरलाच नव्हता असे होत नाही.

हेतूबद्दल शंका उरू नये इतके कागद आज उपलब्ध आहेत. १९९४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक स्टँटन ग्लान्झ यांच्याकडे एका निनावी प्रेषकाने ब्राउन अँड विल्यमसन कंपनीच्या हजारो पानांचे खोके पाठवले. १९९८ च्या मिनेसोटा खटल्याने आणखी लक्षावधी पाने खुली केली. त्यांत १९६३ चे एक टिपण आहे. कंपनीचा वकील तीत सरळ लिहितो, की निकोटिन व्यसन लावते आणि आपला धंदा ते विकण्याचा आहे. दुसऱ्या कंपनीतला एक शास्त्रज्ञ १९७२ साली सहकाऱ्यांना सुचवतो, की पाकिटाकडे दिवसभराच्या निकोटिनाचा साठा म्हणून पाहा. बाहेर मात्र शब्द निराळे होते: चव, समाधान, परंपरा. एकाच इमारतीत दोन बोली नांदत होत्या.

आणि बाहेरच्या बोलीला सरकारी शब्दकोशानेही काही काळ आश्रय दिला. १९६४ च्या प्रसिद्ध अहवालात अमेरिकेच्या सर्जन जनरलने फुप्फुसाच्या कर्करोगाचा ठपका सिगारेटीवर ठेवला, पण तिच्या ओढीला ‘व्यसन’ म्हणायचे टाळून ‘सवय’ म्हटले. ते ‘व्यसन’ ठरले १९८८ च्या अहवालात. या चोवीस वर्षांत एका शब्दाने किती माणसे कोर्टातून रिक्त हस्ताने परत पाठवली असतील! सवय असेल तर ती माणसाने आपल्या खुशीने लावून घेतलेली; व्यसन असेल तर विकणाराही त्यात आला. आपल्या भाषेने ही पळवाट ठेवलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘व्यसन’ म्हणजे संकट. राज्यावर येणारे आणि माणसावरही येणारे. जे माणसाला त्याच्या हितापासून दूर फेकते ते. ‘तंबाखूची सवय आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा आपणही तो सौम्य शब्दच वापरत असतो. भाषेतही पूरक द्रव्ये असतात.

यादीवर कंपन्यांनी संशोधन केले नाही असे मात्र कोणी म्हणू नये. फिलिप मॉरिसने ३३३ पूरक द्रव्ये तपासली आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला, की त्यांनी धुराची विषारीपणा वाढत नाही. २०११ साली ग्लान्झ यांच्या गटाने तीच आकडेवारी पुन्हा मांडली. मूळ निबंधांत विषद्रव्यांचे प्रमाण धुरातील एकूण कणांच्या वजनाशी भागून दिले होते. आणि पूरक द्रव्यांनी हे कणच वाढले होते! छेद फुगवला की भागाकार लहान होतो, हे शाळकरी मुलालाही कळते. दर सिगारेटीमागे मोजले तेव्हा कर्करोगकारक अशा १५ द्रव्यांचे प्रमाण २० टक्के किंवा अधिक वाढलेले आढळले. ही लबाडी रसायनातली नसून वाक्यरचनेतली आहे: कशाच्या मानाने, हा शब्दसमूह गाळला गेला.

२००६ साली न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी या कंपन्यांनी लोकांची अनेक दशके फसवणूक केल्याचा निर्णय दिला, आणि कंपन्यांनी तशी कबुली स्वतःच्या नावाने छापावी असा आदेश काढला. अपिले होत होत ती निवेदने वर्तमानपत्रांत आली २०१७ च्या नोव्हेंबरात. अधिक व्यसन लागावे म्हणून सिगारेटीची घडण हेतुतः केली गेली, हे त्यांत नमूद आहे. अमोनियाचा उल्लेखही आहे. तोही धूर कमी जहाल लागावा यासाठी घातल्याचा.

येथवर वाचून कोणास वाटेल, की काढून टाका ते ५९९ पदार्थ, मग उरेल ती निर्मळ तंबाखू. नेमका हाच निष्कर्ष बाजारानेही काढला. ‘पूरक द्रव्ये नसलेली’, ‘नैसर्गिक’ अशी सिगारेट अमेरिकेत निघाली, आणि निसर्गप्रेमी तरुणांत खपली. २००० साली तेथील व्यापार आयोगाला तिच्या जाहिरातीवर सक्तीने लिहवून घ्यावे लागले, की पूरक द्रव्ये नाहीत याचा अर्थ सिगारेट अधिक सुरक्षित आहे असा नाही. २०१७ साली ते शब्द तिच्यावरून काढायला लावले गेले. कर्करोग देणारी नायट्रोसामाइने पान सुकवताना आणि मुरवताना पानातच तयार होतात. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जळण्यातून येतात. निकोटिन तर झाडाचेच. आपल्या विडीइतके ‘निर्मळ’ काय असेल? तेंदूचे पान, तंबाखू, दोरा. तिच्यातून मिळणारे निकोटिन आणि डांबर सिगारेटीहून कमी नसते, अनेकदा जास्तच असते; विझू नये म्हणून ती वरचेवर आणि जोराने ओढावी लागते.

आणि ज्याला अमोनियाची कथा परदेशी वाटली असेल त्याने गावच्या पारावर बसलेल्या आबांचा तळहात आठवावा. चंचीतून चिमूटभर तंबाखू, डबीतला बोटभर चुना, अंगठ्याने मळणे, फुंकर, आणि बार ओठाआड. चुना हा क्षार आहे. तो तंबाखूतले निकोटिन सुटे करतो, आणि तोंडाच्या अस्तराला फुप्फुसासारखा तोल सावरता येत नसल्यामुळे येथे त्या सुटे होण्याला खरोखरच महत्त्व असते. मार्लबोरोच्या बाबतीत जे वादग्रस्त आहे ते आपल्या तळहातावर निर्विवाद घडते. कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय, कोणत्याही टिपणाशिवाय, पिढ्यान्‌पिढ्या. चुन्याशिवाय ‘लागत नाही’ हे आबांना ठाऊक होते. त्याच चुन्याने गालाच्या आत चट्टे पडतात हेही कोणी पाहिले नव्हते असे नाही.

अमेरिकी कंपन्यांचा बचाव असा होता, की आम्ही तंबाखूत घालतो ते अन्नच आहे. महाराष्ट्रात हे वाक्य उलटे फिरले. गुटख्यावर राज्याने २००२ साली बंदी घातली, ती २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुढे २०११ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांत असे कलम आले, की कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन हा घटक असता कामा नये. त्याच्या आधारे २०१२ च्या जुलैत बंदी पुन्हा आली आणि पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू व सुगंधी सुपारीलाही लागू झाली. येथे सुपारी, कात, वेलदोडा, केवडा, मेन्थॉल हे अन्न, आणि तंबाखू हेच पूरक द्रव्य! ज्या वर्गीकरणाने तिकडे यादीला संरक्षण दिले, त्याच वर्गीकरणाने इकडे ती गुन्हा ठरवली. पण कायदा मिश्रणावर बोट ठेवतो, तर बाजाराने मिश्रणच मोडले. पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची पुडी वेगळी. टपरीवाला न सांगता दोन्ही एकत्र पुढे करतो. गिऱ्हाईक दोन्ही दाताने फाडते, एकीत दुसरी ओतते, हलवते आणि मान मागे टाकून तोंडात रिकामी करते.